हॅव, हॅविंग आणि आमचे बाबा

शाळेत सगळ्यात आधी घोकलेलं, ऑफिसात दिवसाला पन्नास वेळा वापरलेलं आणि तरीही नेमकं ऐनवेळी दगा देणारं इंग्रजी क्रियापद कोणतं? ओळखा पाहू! बदलापूर फास्टमध्ये उभ्या उभ्या लावलेला एका छोट्याशा शब्दाचा छडा…

सकाळची गर्दीची फास्ट लोकल. बदलापूर ते सीएसएमटी ६८ किलोमीटर, म्हणजे दीड तासाचा निवांत… छे, निवांत कसला, एका पायावरचा प्रवास! गेल्या महिन्यातली गोष्ट. माझ्या शेजारी उभी असलेली मुलगी फोनवर इंटरव्ह्यू देत होती. तेवीस-चोवीसची असेल. एका हातात वरची कडी, दुसऱ्या हातात मोबाइल, खांद्यावरची बॅग पुढे पोटाशी घेतलेली. आणि आवाज असा, की समोरचे सर जणू सीएसएमटीलाच बसलेत आणि त्यांना फोनशिवाय ऐकू गेलं पाहिजे.

‘‘येस सर, आय अ‍ॅम हॅविंग थ्री इयर्स एक्सपिरियन्स… येस सर, आय अ‍ॅम हॅविंग ओन लॅपटॉप… नो सर, आय अ‍ॅम नॉट हॅविंग एनी प्रॉब्लेम विथ नाइट शिफ्ट.’’

खिडकीजवळच्या दोन कॉलेजकन्यांनी एकमेकींकडे बघितलं आणि फिस्सकन हसल्या. तिने ते पाहिलं. तिचा आवाज एकदम निम्मा झाला. पुढचं वाक्य तिने अर्धंच सोडलं. तेवढ्यात डोंबिवली गेली, रेंज गेली, फोन कट! ‘‘सर परत करणारेत फोन…’’ असं ती कुणालाच न सांगता सगळ्यांना म्हणाली आणि छताकडे बघत उभी राहिली.

खरं सांगू? त्या क्षणी मला तिच्याइतकंच कानकोंडं झालं. कारण ती जिथे उभी होती ना, तिथे मी सहा-सात वर्षांपूर्वी उभी होते.

‘डिग्री एन्जॉय करतेय वाटतं!’

२०१९. मास कम्युनिकेशनची डिग्री हातात ताजी ताजी पडलेली. मी एका इंग्रजी नियतकालिकाला कामासाठी मेल टाकला. पहिलंच वाक्य होतं, ‘आय अ‍ॅम हॅविंग अ डिग्री इन मास कम्युनिकेशन.’ दोन दिवसांनी उत्तर आलं. ते खरं तर मला नव्हतंच. तिथल्या एका वरिष्ठांनी दुसऱ्या वरिष्ठांना लिहिलं होतं, आणि ‘रिप्लाय ऑल’च्या कृपेने ते मलाही पोचलं. फक्त दोन वाक्यं. ‘शी इज हॅविंग अ डिग्री. होप शी एन्जॉइज इट.’ म्हणजे मी जणू डिग्री नाही, मिसळ खात होते!

मंडळी, आज हसू येतं. तेव्हा मात्र स्टेशनच्या बाकड्यावर बसून रडले होते. व्याकरणाची चूक झाली म्हणून नाही. माझी चूक नेमकी कुठे आहे हेच मला कळत नव्हतं, म्हणून! ‘हॅविंग’मध्ये वाईट काय आहे? ‘वी आर हॅविंग लंच’ चालतं ना? मग डिग्रीने काय घोडं मारलंय?

तेव्हापासून मी एक जालीम उपाय शोधला. ‘हॅविंग’ या शब्दालाच आयुष्यातून हद्दपार केलं. लंच असो, मीटिंग असो, पार्टी असो, ‘आयएनजी’ दिसलं की डिलीट. प्रॉब्लेम सॉल्व्ह्ड! निदान मला तसं वाटत होतं.

माझ्या जवळ दोन भाऊ आहेत

आता जरा मागे जाऊ या. मी मराठी मीडियमची. महाराष्ट्रात २००० साली पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं, आणि मी पहिलीत गेले २००३ साली. म्हणजे आमची बॅच लकी. दादाच्या वेळी पाचवीपर्यंत एबीसीडीशी संबंध नव्हता, आम्ही मात्र सहाव्या वर्षापासून माना डोलावत म्हणत होतो : आय हॅव, यू हॅव, वी हॅव, दे हॅव, ही हॅज, शी हॅज, इट हॅज. अगदी पाढ्यांच्या चालीवर! आणि अर्थ? तोही पाठ. हॅव म्हणजे ‘जवळ असणे’.

झालं! सगळा घोळ इथेच सुरू होतो.

कारण ‘आय हॅव अ पेन’ म्हणजे माझ्याजवळ पेन आहे, हे ठीक. पण ‘आय हॅव टू ब्रदर्स’ म्हणजे? आमच्या वर्गातल्या एका हुशार मुलाने फळ्यावर लिहिलं होतं, ‘माझ्या जवळ दोन भाऊ आहेत.’ बाई म्हणाल्या, ‘‘का रे, खिशात ठेवलेस का?’’ वर्ग हसला. पण त्या बिचाऱ्याचं काय चुकलं? शिकवलं तेच त्याने लिहिलं.

गंमत अशी आहे की मराठीत ‘हॅव’ नावाचं क्रियापदच नाही. खोटं वाटतं? स्वतः बोलून बघा. पैसे ‘माझ्याकडे’ असतात. भाऊ ‘मला’ असतो. ताप ‘मला’ असतो. धमक ‘तिच्यात’ असते. खिडक्या ‘घराला’ असतात. वस्तू, माणूस, आजार, गुण, अवयव, प्रत्येकाची सोय आपण वेगळी लावतो. ‘मला पैसे आहेत’ आपण म्हणत नाही आणि ‘माझ्याकडे ताप आहे’ही म्हणत नाही (म्हटलंत तर आई आधी कपाळाला हात लावेल, तुमच्या नाही, स्वतःच्या!). हा सगळा बारकावा दोन वर्षांचं मराठी पोर न शिकवता पाळतं. आणि या सगळ्या वाक्यांच्या शेवटी येतं काय? ‘आहे’.

इंग्रजीचं बरोबर उलटं. पैसे, भाऊ, ताप, धमक, खिडक्या, सगळ्यांना एकच दावं : हॅव. मालक पुढे, वस्तू मागे, मधे हॅव. आपल्याकडे वस्तू ‘असते’, इंग्रजीत माणूस ती ‘धरून असतो’. ‘धरून’ हा शब्द मी उगाच वापरला नाही. भाषेचे अभ्यासक सांगतात की ‘हॅव’चं मूळ ‘पकडणे’ या अर्थाच्या एका प्राचीन धातूत आहे. ‘कॅप्चर’ हा शब्द त्याच खानदानातला!

मग ‘हॅविंग’ येतं कुठून? तर आपल्या लाडक्या ‘आहे’मधूनच. मराठीत ‘आहे’ डबल ड्युटी करतो. ‘मला ताप आहे’ इथेही तोच, आणि ‘मी जेवतो आहे’ इथेही तोच. डोक्यात ‘आहे’ वाजला की तोंडातून ‘अ‍ॅम’ किंवा ‘इज’ आधी बाहेर पडतं. आणि ‘अ‍ॅम’ बाहेर पडल्यावर ‘हॅव’ कसं लावणार? मग ‘आयएनजी’ चिकटवायचं. झालं तयार, आय अ‍ॅम हॅविंग फीव्हर!

शिवाय आपण मनातल्या गोष्टीही ‘चालू’ ठेवतो. मला वाटतंय, मला आठवतंय, मला समजतंय, मला वास येतोय. इंग्रजी मात्र अशा जागी हात आखडता घेतं. म्हणून मराठी माणूस मीटिंगमध्ये मान डोलावत म्हणतो, ‘आय अ‍ॅम अंडरस्टँडिंग.’ त्याला खरंच समजत असतं हो!

एकटे आपणच नाही

हे कळल्यावर मला जरा बरं वाटलं. पण खरा दिलासा मिळाला तो उल्हासनगरच्या माझ्या सिंधी मैत्रिणीकडून. फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांतून १९४९ मध्ये उल्हासनगर हे शहर उभं राहिलं, हे आपल्याला माहीत असतं. पण सिंधीतही ‘आहे’ला चक्क ‘आहे’च म्हणतात, हे मला कॉलेजची तीन वर्षं तिच्या डब्यातली दाल-पकवान खाऊनही माहीत नव्हतं! आणि ‘माझ्याजवळ’ म्हणजे ‘मूं वटि’. म्हणजे तिच्याकडेही वस्तू असते, माणूस तिला पकडत नाही. ‘‘म्हणूनच मीपण हॅविंग हॅविंग करते,’’ ती म्हणाली. हिंदीचं ‘मेरे पास’ तर आपल्या सगळ्यांना पाठच आहे.

बरं, जगात बघावं तर रशियन माणूस म्हणतो ‘माझ्यापाशी आहे’. अरबी माणूस म्हणतो ‘माझ्याकडे’. थेट इंग्लंडच्या शेजारच्या आयर्लंडमध्ये, आयरिश भाषेतही वस्तू माणसा‘पाशी’च असते. तुर्की आणि फिनिश मंडळींचंही तेच. म्हणजे ‘हॅव’शिवाय जगणारे आपण एकटे नाही, अर्धं जग आपल्या सोबतीला आहे.

खाकी कव्हरची पाठमाला

आमच्या घरात इंग्रजीचा पहिला विद्यार्थी मी नव्हे, बाबा. अंबरनाथच्या एमआयडीसीत त्यांनी तीस वर्षं मशीनवर काम केलं. मशीन परदेशी, मॅन्युअल इंग्रजी. म्हणून त्यांनी विशी-पंचविशीत तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आणली. महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्या या पुस्तकावर इंग्रजी शिकल्या. मराठी वाक्य, त्याचं इंग्रजी. इंग्रजी वाक्य, त्याचं मराठी. पुढे आमच्याकडे रॅपिडेक्सही आलं, कपिल देव ज्याची जाहिरात करायचा तेच. पण बाबांचा जीव पाठमालेवर. खाकी कव्हर घातलेली त्यांची प्रत अजून कपाटात आहे, जत्रेच्या फोटोंच्या खाली.

त्यामुळे बाबांचं इंग्रजी जुन्या वळणाचं. टीसी दिसला की ते आम्हाला गमतीने विचारायचे, ‘‘हॅव यू अ टिकेट?’’ कॉलेजात गेल्यावर मी शिष्टपणे त्यांना सुधारलं होतं : ‘‘बाबा, डू यू हॅव अ टिकेट, असं म्हणायचं.’’ ते गप्प बसले. पुढे कधीतरी वाचताना कळलं की ‘हॅव यू अ टिकेट’ हे जुन्या ब्रिटिश पद्धतीचं शंभर टक्के शुद्ध वाक्य आहे. ‘डू यू हॅव’ ही अमेरिकेची लाट, ती नंतर सगळीकडे पसरली. म्हणजे बाबा बरोबर होते, आणि मीही. फक्त मी त्यांना चूक ठरवून मोकळी झाले होते. अगदी त्या ‘रिप्लाय ऑल’वाल्या साहेबांसारखी!

त्या सकाळी…

गेल्या पावसाळ्यातला एक सोमवार. सकाळी सात वाजता बाबा चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, ‘‘छातीत दुखतंय गं.’’ पुढचे दोन तास कसे गेले ते आठवत नाही. रिक्षा, बदलापूरचे डॉक्टर, ईसीजी, अ‍ॅम्ब्युलन्स, कल्याणचं हॉस्पिटल. एक ब्लॉक होता, स्टेंट घालावा लागणार होता. दादा डॉक्टरांशी बोलत होता, आई देवाशी, आणि माझ्याकडे आला इन्शुरन्सचा फोन. कॅशलेससाठी चौकशी. पलीकडून मुलीचा आवाज, स्वच्छ इंग्रजी. पेशंटला काय होतंय?

मी म्हणाले, ‘‘माय फादर इज हॅविंग…’’ आणि थांबले. हॅविंग! डोक्यात तो जुना मेल वाजला. शी इज हॅविंग अ डिग्री. बाबा आत स्ट्रेचरवर होते आणि मी बाहेर क्रियापद दुरुस्त करत होते, विश्वास ठेवा! शेवटी ‘आयएनजी’ गिळून मी म्हणाले, ‘‘ही हॅज हॅड चेस्ट पेन. फॉर अ लाँग टाइम.’’

मला म्हणायचं होतं : बराच वेळ दुखतंय. म्हणजे सकाळपासून, दोन तास, थांबतच नाहीये. पण मी जे बोलले त्याचा अर्थ काय होतो माहितीये? यांना छातीत दुखण्याचा त्रास पूर्वीपासून आहे, फार दिवसांपासून. इन्शुरन्सच्या भाषेत, जुना आजार!

तासाभरात हॉस्पिटलच्या डेस्कवर क्वेरी आली. आजार आधीपासून असल्यास जुने रिपोर्ट पाठवा. जुने रिपोर्ट असतील तर पाठवणार ना? उपचार काही थांबले नाहीत. दादाने क्रेडिट कार्डावर डिपॉझिट भरलं. पण मंजुरी अडकली होती, आणि ती माझ्या एका वाक्यावर अडकली होती.

दुपारी पुन्हा त्याच मुलीचा फोन. मी पुन्हा इंग्रजीत सुरुवात केली, पुन्हा अडखळले. पलीकडे क्षणभर शांतता. मग हळूच, ‘‘मॅडम, मराठीत बोलू या का? काकांना आज सकाळपासून दुखतंय, की आधीपासून दुखायचं?’’

‘‘आज सकाळी सातपासून. आधी कधीच नाही.’’

दहा सेकंद. बास! ‘दुखतंय’ आणि ‘दुखायचं’. मराठीने दोन शब्दांत जे सांगितलं, ते मी इंग्रजीत सकाळपासून चुकीचं सांगत होते. ती म्हणाली, हे मला मेलवर लिहून द्या, डॉक्टरांची चिठ्ठी जोडा. मेल मात्र इंग्रजीतच लागणार होता. मी पाच मिनिटं स्क्रीनकडे बघत बसले आणि मग लिहिलं, ‘ही हॅज बीन हॅविंग चेस्ट पेन सिन्स सेव्हन धिस मॉर्निंग.’

हॅज. बीन. हॅविंग. ज्या शब्दाला मी सहा वर्षं दारात उभं केलं नव्हतं, तोच शब्द त्या वाक्यात ठाण मांडून बसला होता. आणि पूर्ण बरोबर होता! संध्याकाळी मंजुरी आली.

क्लासमधला फळा

बाबा घरी आले, आणि मी ठरवलं की या क्रियापदाचा एकदा सोक्षमोक्ष लावायचाच. बदलापूर स्टेशनच्या बाहेर पडलात की फाडफाड इंग्लिशचे बोर्ड शोधावे लागत नाहीत, तेच तुम्हाला शोधतात. तशाच एका क्लासमध्ये मी महिनाभर संध्याकाळी जाऊन बसले. बॅचमध्ये कोण कोण? मेडिकल स्टोअरमधली मुलगी, कॅब चालवणारा एक दादा, लेकीच्या इंग्लिश मीडियमच्या ओपन डेला घाबरणाऱ्या एक काकू, आणि रात्रपाळीची नर्स, जी दर दहा मिनिटांनी जांभई देऊन सॉरी म्हणायची.

सर स्वतः आधी कॉल सेंटरला होते. त्यांनी नियम सांगितलाच नाही. फळ्यावर मराठी वाक्यांच्या जोड्या लिहिल्या.

‘माझी मीटिंग आहे.’ आय हॅव अ मीटिंग. ‘आम्ही मीटिंग करतोय.’ वी आर हॅविंग अ मीटिंग.

‘मला ताप आहे.’ आय हॅव फीव्हर. ‘मला श्वास घ्यायला त्रास होतोय.’ आय अ‍ॅम हॅविंग ट्रबल ब्रीदिंग.

‘तिला दोन मुलं आहेत.’ शी हॅज टू चिल्ड्रन. ‘तिला बाळ होणार आहे.’ शी इज हॅविंग अ बेबी.

‘‘काय दिसतंय?’’ सरांनी विचारलं. उत्तर दिलं ते काकूंनी! ‘‘नुसतं आहे असलं की हॅव. काहीतरी करतोय, होतोय, येतोय असलं की हॅविंग.’’

मी वहीत लिहिता लिहिता थांबले. इतकं सोपं? चावी इंग्रजीत नव्हतीच, मराठीत होती. जे नुसतं ‘आहे’, ते हॅव : डिग्री, अनुभव, लॅपटॉप, भाऊ, ताप. जे ‘घडतंय’, ते हॅविंग : जेवण, मीटिंग, मजा, त्रास. डिग्री घडत नाही, ती असते. म्हणून तो मेल हास्यास्पद झाला. आणि बाबांच्या छातीत दुखणं त्या सकाळी घडत होतं, म्हणून तिथे हॅविंग हवं होतं.

अर्थात भाषा म्हटली की पळवाटा आल्याच. ‘डोकं दुखतंय’ला काकूंचा नियम लावलात तर फसाल, इंग्रजीत ‘आय हॅव अ हेडेक’ असंच म्हणतात. पण दहातली नऊ वाक्यं पास होतात, आणि नऊ मार्कांना आपण कधी नाही म्हटलंय?

काकूंचं पुढे काय झालं, विचारताय? ओपन डेला त्या गेल्या आणि बाईंना म्हणाल्या, ‘‘आय हॅव वन डाउट.’’ घरी येऊन त्यांनी हे वाक्य नवऱ्याला, सासूला आणि आम्हा सगळ्यांना वेगवेगळं ऐकवलं. ‘डाउट’ऐवजी तिथे ‘क्वेश्चन’ हवं, हे सरांनी त्यांना सांगितलं नाही. मला वाटतं, बरंच केलं.

मग चूक म्हणायची की नाही?

आता कुणी म्हणेल, एवढं काय त्यात? सगळा देश ‘आय अ‍ॅम हॅविंग’ म्हणतो, मग ती चूक कशी? प्रश्न रास्त आहे. ब्रज काचरूंसारख्या भाषावैज्ञानिकांनी आयुष्यभर हेच मांडलं की भारतीय इंग्रजी ही तुटकीफुटकी इंग्रजी नव्हे, तिचा स्वतःचा घाट आहे. आपल्या मुंबईचे कवी निसीम इझिकेल यांनी तर या ‘आयएनजी’वर अख्खी कविता रचली, ‘गुडबाय पार्टी फॉर मिस पुष्पा टी. एस.’ निरोप समारंभातलं भाषण, आणि त्यात ओळीओळीत आपली ती चालू वर्तमानकाळाची हौस! इझिकेल बेने इस्रायली, म्हणजे पिढ्यान् पिढ्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातले. त्या कवितेला कुणी टिंगल म्हणतं, कुणी माया. आणि आपण कशाला, मॅकडोनाल्ड्सने २००३ पासून ‘आय अ‍ॅम लव्हिंग इट’ म्हणत जगभर बर्गर विकलेच की! तिथे व्याकरणाच्या बाई कुठे होत्या?

‘इंग्लिश विंग्लिश’ आठवतो? २०१२ चा गौरी शिंदेचा सिनेमा, श्रीदेवीने केलेली पुण्याची शशी गोडबोले. लाडू विकणारी ही बाई घरात रोज छोट्या छोट्या शब्दांवरून अपमान गिळते. ती इंग्रजी शिकते ती नोकरीसाठी नाही, घरच्यांनी आपल्याला हसू नये म्हणून. आपल्यातल्या कितीतरी जणांची खरी फी तीच असते, नाही का?

माझ्यापुरतं मी उत्तर शोधलंय. बोलताना ‘हॅविंग’ निसटलं तर खुशाल निसटू दे, समोरच्याला कळतंच. पण सीव्ही, मेल आणि फॉर्म यात मात्र डोळ्यांत तेल. तिथे वाचणारा आपला चेहरा बघत नसतो, फक्त वाक्य बघतो. आणि कधी कधी त्या वाक्यावर मंजुरी अडते.

आय हॅव हंगर!

स्टेंटच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट सांगायची राहिली. सकाळी केरळची सिस्टर राऊंडला आली. ‘‘अंकल, हॅविंग पेन?’’ बाबा उशीवर सरसावून बसले, तर्खडकरांना स्मरून म्हणाले, ‘‘नो पेन, सिस्टर. आय हॅव हंगर.’’

माझ्या तोंडावर आलं होतं, ‘बाबा, आय अ‍ॅम हंग्री म्हणायचं.’ नाही म्हटलं. सिस्टर हसली आणि पाच मिनिटांत उपमा घेऊन आली. नंतर कळलं, फ्रेंच आणि जर्मन माणूस अगदी असंच म्हणतो, ‘माझ्याकडे भूक आहे’ या चालीवर. म्हणजे बाबांचं वाक्य पॅरिसमध्ये सहज खपलं असतं!

तर, त्या दिवशी लोकलमध्ये… दिवा मागे पडलं. मुलगी अजून छताकडेच बघत होती. मी हळूच म्हणाले, ‘‘माझंही अगदी असंच व्हायचं.’’ आणि मुंब्र्यापर्यंत काकूंचा नियम सांगून टाकला. आहे असेल तर हॅव. होतंय, येतंय, करतोय असेल तर हॅविंग.

तिने मनातल्या मनात दोन वाक्यं घोळवली. मग म्हणाली, ‘‘आणि ताई, मला आत्ता जाम टेन्शन येतंय, ते?’’

‘‘ते हॅविंग. येतंय आणि जाणारही आहे.’’

ती हसली. खाडीच्या पुलावर गाडी शिरली आणि तिचा फोन वाजला. पुलाच्या धडधडाटात मला पुढचं फारसं ऐकू आलं नाही. पहिलं वाक्य मात्र आलं. खिडकीतल्या दोघींनाही आलं असणार.

‘‘येस सर. आय हॅव थ्री इयर्स ऑफ एक्सपिरियन्स.’’

चटकन चेक करा!

• अनुभव, डिग्री, गाडी, भावंडं : मराठीत नुसतं ‘आहे’, म्हणून ‘आय हॅव’. सीव्हीत ‘हॅविंग’ शोधा आणि खोडा.

• लंच, मीटिंग, मजा, त्रास : ‘करतोय, येतेय, होतोय’ असेल तर ‘आय अ‍ॅम हॅविंग’ बिनधास्त.

• ‘मी काल मेल पाठवलाय’ : मराठीत चालतं, इंग्रजीत ‘आय हॅव सेंट इट यस्टर्डे’ चालत नाही. ‘काल’ आला की ‘हॅव’ गेला, ‘आय सेंट इट यस्टर्डे’.

• ‘मी काल मेल पाठवला होता’ : लगेच ‘आय हॅड सेंट’ नको. ‘हॅड’ तेव्हाच, जेव्हा पुढे दुसरी घटना आहे : त्यांचा फोन यायच्या आधीच मी मेल पाठवला होता.

• ‘चहा घेणार?’ : ‘टेक टी’पेक्षा ‘विल यू हॅव टी?’ जास्त गोड लागतं.

• ‘मला जावं लागतं’ : आय हॅव टू गो. इथे ‘हॅव’ म्हणजे जवळ असणे नाही, नाइलाज असणे!

• डोकेदुखी : दुखत असली तरी ‘आय हॅव अ हेडेक’. नियमाला अपवाद, आणि या लेखानंतर झाली असेल तर सॉरी!